राहायला जायच्या आधी तिथली हवा कशी जोखावी

पंचवटी एक्स्प्रेसने मी काही वर्षं नाशिकरोडहून मुंबईला जाऊन-येऊन नोकरी केली. मे महिन्यात परतताना कल्याणपर्यंत पाठ सीटच्या रेक्झिनला चिकटलेली असायची. घाट चढून गाडी इगतपुरीला टेकली की दारातून येणारा वारा अंगावरचा घाम दहा मिनिटांत वाळवून टाकायचा. घरी येऊन बातम्या लावाव्यात, तर मुंबई ३३ अंश आणि नाशिक ३९. आकड्याप्रमाणे मी गार गावातून तापलेल्या गावात आले होते. अंग उलट सांगत होतं, आणि अंगाचंच खरं होतं.

हे आता लिहायचं कारण म्हणजे आमच्या नात्यात आणि सोसायटीत हा प्रश्न सारखा येतो. कुणाच्या मुलाला चेन्नईला नोकरी लागते, कुणाच्या मुलीचं सासर नागपूरचं असतं, कुणी दिल्लीची बदली घ्यावी की नाकारावी या विचारात असतं. मुंबईहून निवृत्त होऊन नाशकात गंगापूर रोडला फ्लॅट घेणारेही विचारतात. घराचं भाडं, शाळा, दवाखाना सगळे नीट बघतात. हवेबद्दल मात्र ‘तिकडे फार गरम असतं म्हणे’ एवढ्यावर निर्णय होतो. माझ्या सासूबाईंना दमा आहे, आणि एकदा अशाच ऐकीव माहितीवर आम्ही त्यांना चुकीच्या गावी, चुकीच्या महिन्यात नेलं. तेव्हापासून मी हे पद्धतशीर करते. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगते: कमाल तापमान किती, हा प्रश्न बाजूला ठेवा. दिवसाच्या चोवीस तासांतले किती तास अंगाला त्रास होतो आणि रात्री त्यातून सुटका होते का, हे शोधा.

आधी माणूस ठरवा, मग गाव

हवा सगळ्यांना सारखी लागत नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि पुढे चार गोष्टी: वय, आजार, दिवसातले किती तास उघड्यावर जातात, आणि झोपायची खोली कोणत्या मजल्यावर आहे. अंबडच्या कंपनीत पहिल्या पाळीला दुचाकीवरून जाणाऱ्या मुलाला डिसेंबरची पहाट बोचते. घरी असणाऱ्या आजींना तीच पहाट रजईत कळतही नाही. एसी ऑफिसात बसणाऱ्याला चेन्नईचा मे सोसेल, पण साइटवर उभं राहणाऱ्या सिव्हिल इंजिनिअरला तो जड जाईल. म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं दोन्ही टोकांना नाजूक असतात. म्हाताऱ्यांना तर तहानही उशिरा लागते, त्यामुळे त्यांचा त्रास तोंडावर दिसत नाही.

पुढचा सगळा हिशेब यातल्या सर्वांत नाजूक माणसाला धरून करा. घरातल्या धडधाकट माणसाला धरून केलेला हिशेब फसतो, हे मी अनुभवाने सांगते.

आकडे कुठले घ्यायचे

भारतीय हवामान खात्याची दर शहराची ३० वर्षांची महिनावार सरासरी मिळते. त्यातले पाच रकाने उतरवून घ्या: सरासरी कमाल, सरासरी किमान, सकाळी साडेआठची आर्द्रता, संध्याकाळी साडेपाचची आर्द्रता आणि पावसाचे दिवस. पावसाचा दिवस म्हणजे खात्याच्या हिशेबी २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडलेला दिवस. जोडीला गेल्या पाच-सहा वर्षांचे रोजचे आकडेही बघा, कारण ३० वर्षांच्या सरासरीत अलीकडचा बदल बुडून जातो.

इथे लोक तीन ठिकाणी फसतात. पहिलं म्हणजे वार्षिक सरासरी. उन्हाळ्यात भाजणाऱ्या आणि हिवाळ्यात गोठवणाऱ्या गावाची वार्षिक सरासरी अगदी सुखाची दिसू शकते. दुसरं, उच्चांकाचे आकडे. दहा वर्षांत एकदा पारा कुठे गेला यावर रोजचं जगणं ठरत नाही. तिसरं, शाळेत शिकलेले हवामानाचे प्रकार. कोपेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेली विभागणी आजही नकाशांत असते, पण ती त्यांनी वनस्पतींच्या वाढीवरून बेतली होती. त्या नकाशात कोलकाता आणि बंगळुरू एकाच रंगात येतात. मेमध्ये दोन्हीकडे एकेक रात्र काढलेला माणूस त्यांना एका रांगेत कधीच बसवणार नाही.

आर्द्रतेचा टक्का बाजूला ठेवा, दवबिंदू काढा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबते.

‘आर्द्रता ८० टक्के’ हे वाक्य एकटं काहीच सांगत नाही. नाशिकला जानेवारीच्या पहाटेही आर्द्रता भरपूर असते, पण तेव्हा कुणाला चिकचिक होत नाही. कारण टक्का हा ‘त्या तापमानाच्या हवेत मावेल त्याच्या किती’ असा असतो. गार हवेत पाणी थोडंच मावतं, त्यामुळे थोड्या पाण्यातही टक्का चढतो. आपल्याला हवं ते हवेतलं खरं पाणी, आणि ते दवबिंदू सांगतो. हवा ज्या तापमानापर्यंत गार केली की तिच्यातून दव सुटायला लागतं, ते तापमान म्हणजे दवबिंदू. निफाड, पिंपळगाव, दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांना हे समजावून सांगावं लागत नाही. पानावर दव किती वेळ राहिलं यावर डाउनी हा बुरशीचा रोग येणार की नाही हे ते ओळखतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या बागेत हवामान यंत्र बसवलेलं असतं.

मोबाइलवरच्या बऱ्याचशा हवामान ॲपमध्ये दवबिंदू दिलेला असतो. नसेल तर तोंडी हिशेब असा: आर्द्रता १०० टक्क्यांपेक्षा जितकी कमी, तिला पाचने भागा आणि उत्तर तापमानातून वजा करा. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के असेल, तर १०० वजा ७० म्हणजे ३०, भागिले ५ म्हणजे ६. ३३ मधून ६ गेले, दवबिंदू २७. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तोवरच हा हिशेब चालतो. कोरड्या हवेत तो साफ चुकतो, तिथे ॲप किंवा तक्ता वापरा. नाशिकच्या एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के असताना दवबिंदू ११ च्या आसपास येतो.

एकीकडे ११, दुसरीकडे २७. इगतपुरीला दारात उभं राहून मला जाणवायचा तो फरक हाच.

आता हे आकडे वाचायचे कसे? १० च्या खाली हवा कोरडी: ओठ फुटतात, टाचा उलतात, नाक आतून सुकतं. १० ते १६ म्हणजे सुख. १६ ते २० मध्ये चालताना घाम जाणवतो, पण बसलं की जातो. २० ते २४ मध्ये बसूनही अंग चिकट राहतं. २४ च्या वर पंखा फक्त ओली हवा फिरवतो. या सीमारेषा पाश्चात्त्य देशांत याहून जरा खाली धरतात. आपल्या अंगाला सवय असते, म्हणून मी त्या थोड्या वर सरकवल्या आहेत. कोकणात वाढलेला माणूस आणखी एखादा अंश सोसेल.

असं का होतं, तेही थोडक्यात. अंग थंड होतं ते घाम आल्याने नव्हे, तो वाळल्याने. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ओघळून खाली पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून दमट गावात माणूस घामाने न्हाऊन निघतो आणि तरी तापलेलाच राहतो.

उष्णता आणि दमटपणा एकत्र करून एकच आकडा देणारा हीट इंडेक्सही वापरता येतो. त्याचं मूळ रॉबर्ट स्टेडमन यांच्या १९७९ च्या कामात आहे. ३३ अंश आणि ७० टक्क्यांना तो ४३ च्या घरात जातो. ३८ अंश आणि २० टक्क्यांना ३७ वरच राहतो. मात्र हा आकडा सावलीतला आहे, उघड्या उन्हात त्यात सात-आठ अंशांची भर पडू शकते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले, तेव्हा त्या भागात पारा चाळिशीलाही पोचला नव्हता. उष्णतेच्या लाटेचा इशारा नाही म्हणजे धोका नाही, असं म्हणूनच धरू नये. खात्याच्या निकषात दिवसाचं कमाल तापमान मैदानी भागात निदान ४० आणि किनाऱ्यावर निदान ३७ अंश लागतं, शिवाय साधारणपणे ते नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असावं लागतं. त्या निकषात बसत नसलेले पुष्कळ दिवस माणसाला आडवं करतात.

घरच्या घरी ओल्या फडक्याची परीक्षा

शाळेच्या प्रयोगशाळेत ओल्या आणि कोरड्या फुग्याचे दोन तापमापक शेजारी टांगलेले असायचे, ते आठवा. घरी करायला साधा काचेचा तापमापक पुरे. तापाचा नव्हे, खोलीचा. त्याच्या फुग्याला मलमलीचं ओलं फडकं गुंडाळा, पंख्यासमोर पाच-सात मिनिटं धरा आणि पारा खाली जायचा थांबला की आकडा लिहा. हे ओलं तापमान. नुसत्या घामाच्या जोरावर अंगाची त्वचा जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, ते यावरून कळतं.

नाशिकच्या त्याच एप्रिलच्या दुपारी हे ओलं तापमान २१ च्या जवळ येतं, मुंबईच्या मेमध्ये २८ च्या पुढे. ओलं तापमान ३५ ला पोचलं तर सावलीत, वाऱ्यात, उघड्या अंगाने बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे टिकू शकत नाही, असा सिद्धान्त २०१० मध्ये मांडला गेला. नंतर अमेरिकेत तरुण, धडधाकट लोकांवर झालेल्या प्रयोगांत शरीर ३१ च्या आसपासच हार मानायला लागतं असं दिसलं. म्हणजे मुंबईचा २८ हा नुसता चिकचिकीचा आकडा नाही, तो सीमेच्या बराच जवळचा आहे. आखातात नोकरी बघत असाल तर हे आवर्जून तपासा. सौदी अरेबियाच्या धाहरानला जुलै २००३ मध्ये दवबिंदूच ३५ नोंदला गेला होता. तिथला हिवाळा मात्र फार गोड असतो, त्यामुळे जानेवारीत मुलाखतीला जाऊन आलेले हवेची स्तुतीच करतात.

याच फडक्यातून दुसरी कामाची गोष्ट कळते: कूलर चालेल की नाही. चांगल्या खसाचा किंवा हनीकोंबचा कूलर कोरड्या आणि ओल्या तापमानातल्या फरकाच्या साधारण तीन चतुर्थांश गारवा देतो. नाशिकला ३८ आणि २१ मध्ये १७ चा फरक, म्हणून कूलरमधून २५-२६ अंशांची हवा येते. नागपूरच्या ४४ अंशांत, १५ टक्के आर्द्रतेला २८-२९. मुंबईत फरकच पाचाच्या आत, म्हणून साडेतीन अंश उतरतील आणि खोली आणखी ओली होईल. नाशिकहून मुंबईला सामान हलवताना कूलर नेऊ नका.

तापमापक नसेल तर घर स्वतःच सांगतं. गच्चीवर घातलेल्या कुरडया, पापड एका दिवसात कडक वाळतात का? बरणीतलं मीठ पाझरतं का? दारं फुगून चौकटीत अडकतात का? जिथे राहायला जायचं तिथल्या शेजारणीला हे तीन प्रश्न विचारा. ती दवबिंदू हा शब्द न वापरता तुम्हाला दवबिंदू सांगेल.

रात्र

दिवसाचा त्रास माणूस सहन करतो, कारण रात्री अंग भरून निघतं. ते निघालं नाही की चौथ्या-पाचव्या दिवशी चिडचिड, डोकेदुखी, मुलांचं रडणं, म्हाताऱ्यांचं रक्तदाबाचं दुखणं सुरू होतं. म्हणून किमान तापमानाचा रकाना कमालइतकाच नीट वाचा. युरोपात रात्री पारा २० च्या खाली उतरला नाही तर तिला उष्ण रात्र म्हणतात; आपल्याला तो निकष उपयोगाचा नाही. मी २५ धरते. ज्या महिन्यांत सरासरी किमान २५ च्या वर आहे, ते महिने लाल पेनाने खुणा करून ठेवा. मुंबईच्या मे महिन्याची सरासरी किमान २७ च्या आसपास असते. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर आहे आणि हवा कोरडी, म्हणून दुपारी भाजलं तरी पहाटेपर्यंत बहुतेक वेळा पांघरुणाची आठवण होते. गार हवेसाठी एके काळी देवळालीला सॅनिटोरियम उभी राहिली ती उगाच नाही.

पण हवामान खात्याचा आकडा मोकळ्या जागेतल्या पांढऱ्या पेटीतला असतो, तुमच्या बेडरूमचा नव्हे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आठ ते बारा ते खोलीत ओततो. नाशिकच्या सिडकोत आम्ही वरच्या मजल्यावर होतो तेव्हा रात्री दहाला बाहेर २८ आणि आत ३३ अशी नोंद मी कितीदा केली आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांत मातीच्या जाड भिंती आणि लाकडी माळवद असायचं; तिथे दुपारी आत शिरलं की माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. म्हणून आकड्यांत स्लॅबची भर घाला: वरचा मजला असेल तर रात्रीच्या किमान तापमानात चार-पाच अंश जास्त धरूनच तुलना करा. पश्चिमेची भिंत उघडी असेल तर तेही लिहा. गच्चीला पांढरा रंग किंवा चुना मारून घेतला तर यातलं बरंच कमी होतं.

थंडी

आपल्याकडे थंडीचा हिशेब कुणी करत नाही, आणि दिल्लीला बदली झालेले मराठी लोक नेमके इथेच हैराण होतात. थंडीत प्रश्न बाहेर किती आहे हा नसतो, घरात किती आहे हा असतो. युरोपात बाहेर शून्य असलं तरी घरात हीटर असतो आणि आत २० अंश असतात. दिल्लीत जानेवारीत सरासरी किमान ७ च्या आसपास. धुकं पडलं तर दुपारीही ऊन नाही. आणि घर उन्हाळ्यासाठी बांधलेलं, फरशी संगमरवरी, खिडक्यांना फटी. आत १३-१४ अंशांत आंघोळ, भांडी, अभ्यास. हा त्रास लंडनच्या थंडीपेक्षा जास्त असू शकतो.

नाशिक जिल्ह्यात निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो. तो पाच अंशांच्याही खाली जातो आणि द्राक्षबागांत धूर करून मणी वाचवावे लागतात. पण दुपारी तिथेही ऊन असतं, माणूस अंगणात बसून ऊब घेऊ शकतो. म्हणून थंडीला दोन प्रश्न विचारा: दुपारी ऊन मिळतं का, आणि घरात पहाटे किती असतं. १८ च्या खाली वयस्करांना सांधे धरतात, दम्याचा त्रास वाढतो.

दुचाकीवाल्यांसाठी एक जादा हिशेब. पहाटे ८ अंश असताना ताशी ४० च्या वेगाने गाडी चालवली, तर वाऱ्यामुळे उघड्या कातडीला ते ३ अंशांसारखं लागतं. रोज अर्धा तास असा प्रवास असेल तर तो गुणांत धरा.

पाऊस, ऊन आणि धूळ

पावसाचे मिलिमीटर नका मोजू, ओले दिवस आणि उन्हाशिवायचे दिवस मोजा. लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पडतो, म्हणजे नाशिक शहराच्या आसपासच किंवा थोडा कमी. आपल्याकडे तो चार महिन्यांत उरकतो. तिथे बारा महिने थोडा थोडा. डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो, तर नाशकात सर्वांत लहान दिवसही जवळजवळ ११ तासांचा असतो. मन खचतं ते यामुळे, थंडीमुळे नव्हे, असं तिकडे राहून आलेले सगळे सांगतात.

आपल्या जिल्ह्यातच हा प्रयोग करून बघता येतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला येवल्याला त्याचा पाचवा-सहावा हिस्सा. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीला कपडे वाळत नाहीत, चपला-पुस्तकांना बुरशी येते, भिंती पाझरतात. रविवारी फिरायला जाणाऱ्याला ते स्वर्ग वाटतं. तिथे घर घेणार असाल तर ऑगस्टात सलग आठ दिवस राहून बघा. दम्याच्या माणसाला ही बुरशी उन्हाळ्याच्या उन्हापेक्षा वाईट. आमच्या सासूबाईंच्या बाबतीत आम्ही चुकलो ते इथेच: गार, हिरवं गाव पाहिलं आणि ओल पाहिली नाही.

घर नदीकाठी असेल तर पुराची खूण विचारा. नाशकात दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं यावरून सराफ बाजारातले लोक दुकानं आवरायला घेतात. प्रत्येक गावात असा एखादा मारुती, घाट किंवा पुलाचा खांब असतोच.

धूळ आणि धुराचं एवढंच सांगते, की हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर वर जात नाही. त्यामुळे हवेची प्रत नोव्हेंबर ते जानेवारीतली बघा, पावसाळ्यातली नव्हे.

गुण द्या

आता कागदावर चोवीस तास मांडा. सुखाच्या तासाला ०, चालवून घेण्यासारख्याला १, त्रासाच्या तासाला २, असह्य तासाला ४. असह्यला ३ नाही तर ४, कारण त्या तासात काम होत नाही, झोप होत नाही आणि जिवाला धोका असतो.

नमुन्यादाखल माझ्या अंदाजाने तीन दिवस मांडते. नाशिक, एप्रिलअखेर: दुपारी बारा ते सहा त्रासाचे, म्हणजे ६ तासांचे १२, सकाळ-संध्याकाळचे ५ तास चालण्यासारखे, ५, उरलेले १३ तास सुखाचे. एकूण १७. मुंबई, मेचा मध्य: पहाटेचे ४ तास सोडले तर बाकी २० तास चिकचिक. ४० आणि ४, एकूण ४४. नागपूर, मेचा मध्य, पारा ४४: भर दुपारचे ५ तास असह्य, २०, त्याच्या अलीकडचे-पलीकडचे ७ तास त्रासाचे, १४, रात्र-पहाटेचे १२ तास कोरडे पण गरम, १२. एकूण ४६.

मुंबई आणि नागपूर जवळजवळ बरोबरीत आले, ११ अंशांचा फरक असून. आता दर महिन्याचा एक नमुना दिवस घेऊन त्या महिन्याच्या दिवसांनी गुणा, मग चित्र स्पष्ट होतं. नागपूरचे असे दिवस एप्रिल ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. मुंबईचा चिकटपणा एप्रिलपासून ऑक्टोबर संपेपर्यंत पिच्छा सोडत नाही. पावसात फक्त ऊन जातं, ओल राहते. वर्षाच्या बेरजेत मुंबई जड जाते.

नाशिकचा हिशेब करताना मला एक आश्चर्य वाटलं. आमचा सर्वांत वाईट काळ एप्रिलअखेर नाही, जूनचा पहिला पंधरवडा आहे. पाऊस येऊ घातलेला, वारा पडलेला, ३५ अंश आणि ५० टक्के. दवबिंदू २३, हीट इंडेक्स ४१. एप्रिलच्या ३८ अंशांच्या दुपारी तो ३७ होता, म्हणजे अंगाला चार अंश जास्त, आणि कूलरचाही उपयोग अर्धा. पाहुण्यांना मी एप्रिलमध्ये खुशाल बोलावते, जूनच्या आरंभी नाही.

उपाय धरून पुन्हा गुण

पहिली बेरीज उघड्या हवेची. दुसरी तुमच्या घराची. नागपूरला घरात कूलर असेल तर असह्य आणि त्रासाचे बाराही तास १ वर येतात, रात्र ० वर. ४६ चे १२ होतात. मुंबईत हेच करायला एसी लागतो, आणि तो रात्रभर लागतो. म्हणजे एकीकडे पंख्याहून थोडी जास्त वीज आणि रोजचं बादल्यांनी पाणी, दुसरीकडे एसीचं बिल. तिथे वीज किती वेळा जाते आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे विचारल्याशिवाय ही दुसरी बेरीज पुरी होत नाही. पाणी नसलेल्या गावात कूलर नुसता डबा आहे.

मात्र पहिल्या पानावरची यादी इथे पुन्हा उघडा. जो माणूस बाहेर काम करतो त्याच्यासाठी पहिलीच बेरीज खरी. घरातल्या कूलरने त्याचे ४६ कमी होत नाहीत. पारा ३५-३६ च्या पुढे गेला की हवाच त्वचेहून गरम होते आणि पंखा उष्णता अंगावर आणतो. मग सगळा भार घामावर आणि पिलेल्या पाण्यावर. खानदेश-विदर्भात लोक डोक्याला उपरणं गुंडाळून, कांदा खिशात टाकून निघतात. कांद्याचं मला ठाऊक नाही, पण उपरणं, पाणी आणि बारा ते चार सावली या तिन्ही गोष्टी खऱ्या कामाच्या आहेत.

नव्या गावी गेल्यावर पहिल्या आठवड्यात मत बनवू नका. उष्णतेशी अंग जुळवून घ्यायला दहा ते चौदा दिवस घेतं: घाम लवकर यायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, छातीची धडधड उतरते. त्या दिवसांत मेहनतीचं काम हळूहळू वाढवा.

जाऊन राहा, आणि चुकीच्या महिन्यात जा

घर बघायला सगळे दिवाळीत किंवा जानेवारीत जातात. त्या महिन्यांत भारतातली बहुतेक गावं छान असतात. तुमच्या गुणांच्या वहीत ज्या महिन्याला सर्वांत जास्त गुण पडले, त्या महिन्यात जा. चेन्नई असेल तर मेअखेर, आणि पावसासाठी वेगळं नोव्हेंबरमध्ये, कारण तिथला मुख्य पाऊस ईशान्य मोसमीचा. दिल्ली असेल तर जानेवारीचा पहिला पंधरवडा आणि जुलै. नाशिक बघायला येणाऱ्या मुंबईकरांनी जूनच्या आरंभी यावं.

हॉटेलात उतरू नका, कुणा ओळखीच्याकडे उतरा, शक्यतो वरच्या मजल्यावर. एक रात्र एसी बंद ठेवा. जोडीला तीनशे-चारशे रुपयांत मिळणारं तापमान-आर्द्रतेचं डिजिटल घड्याळ न्या आणि रात्री दहा, पहाटे पाच, दुपारी तीन अशा तीन नोंदी करा. रात्री एक पंचा धुऊन, पिळून, पंख्याखाली टांगा आणि पहाटे हात लावून बघा. नाशकात एप्रिलमध्ये तो कडक झालेला असतो. आम्ही सासूबाईंसाठी दुसऱ्यांदा घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच तो पंचा टांगला. पहाटे उठून त्यांनी तो गालाला लावला आणि म्हणाल्या, ‘ओला आहे गं अजून, चल परत.’ दुपारच्या गाडीने आम्ही नाशिकला परत आलो.